गाढव काचेत ठेवत नाहीत

मॉडेल विमानं बनवणाऱ्या लोकांकडे विमानं कमी आणि किस्से जास्त असतात. कारण साधं आहे. विमान पडलं की त्याचा भुगा होतो आणि भुगा काळ्या पिशवीत जातो. किस्सा मात्र दर रविवारी पुन्हा उडवला जातो, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडा उंच. आमच्या क्लबातले लोक सांगतात तेवढ्या उंचीवर त्यांची विमानं खरंच गेली असती, तर आइंडहोवनच्या विमानतळावरून आम्हाला केव्हाच फोन आला असता.

आमचा क्लब म्हणजे न्यूनेन गावाबाहेर मक्याच्या दोन शेतांमधली कापलेल्या गवताची पट्टी, एक लाकडी खोली, एक कॉफीचं मशीन आणि दहा-पंधरा निवृत्त डच पुरुष. रिमोटवर उडणाऱ्या, खऱ्या विमानांच्या हुबेहूब प्रतिकृती बनवायच्या, हा त्यांचा छंद. माझा नवरा सतीश आठवडाभर चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींची काळजी करायचा आणि रविवारी इथे येऊन लाकडाला गोंद लावायचा. मी सुरुवातीला नुसती डबा पोचवायला जायचे. आता मी सभासद आहे. ते कसं झालं हे सांगायचं तर किस्सेच सांगावे लागतील.

*

क्लबात प्रत्येकाला देखणं विमान हवं असतं. सतीशने निवडलं ते सोव्हिएत आय-सोळा. तिसाव्या दशकातलं लढाऊ विमान, एकाच माणसाची जागा, पुढे पिंपासारखं मोठं नाक आणि नाकामागे विमान संपायलाच आलेलं. चित्र पाहून योस म्हणाला, "नाक मिळालं. विमान कुठाय?"

योस निवृत्त इलेक्ट्रिशियन आहे. कुठल्याही गोष्टीचा शेवट वाईटच होणार याची त्याला खात्री असते आणि ती खात्री तो मोफत वाटतो. त्याने सांगितलं, हे विमान इतकं आखूड आहे की हवेत स्थिर राहतच नाही. क्लबात आधी दोघांनी बनवलं होतं, दोन्ही मक्यात आहेत.

अध्यक्ष विम जरा सौम्य माणूस. शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला, सत्तरी ओलांडलेला. त्याने विचारलं, इतकी विमानं असताना हेच का?

सतीश म्हणाला की स्पेनच्या युद्धात शत्रू याला उंदीर म्हणायचे, आणि रशियात याचे स्वतःचे वैमानिक याला गाढव म्हणायचे. आलं तेव्हा ते जगातल्या सगळ्यांच्या पुढे होतं. मग मागे पडलं, आणि मागे पडल्यावरही वर्षानुवर्षं लढत राहिलं. "ज्याला शत्रू उंदीर म्हणतात आणि मित्र गाढव म्हणतात, त्याच्या बाजूने कोणीतरी असायला नको का?"

विमने वहीत नाव लिहून घेतलं, 'गाढव', आणि क्लबात तेच रूढ झालं. योस बाहेर जाऊन मक्याकडे बघत उभा राहिला.

*

या विमानाची चाकं पोटात ओढून घेता येत, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. पण ती ओढायला मोटार नव्हती. वैमानिकाने उजव्या हाताने एक मूठ गरागरा फिरवायची, चाळीसहून जास्त वेळा, आणि तेवढा वेळ विमान डाव्या हाताने सांभाळायचं. त्यामुळे उड्डाण केल्यावर बराच वेळ विमान दारू प्यायल्यासारखं डुलत जायचं.

हे सतीशने आम्हाला दिवाळीच्या फराळाला समजावून सांगितलं. सांगितलं म्हणजे मकरंदला खुर्चीत बसवलं. मकरंद सतीशचा कंपनीतला मित्र, तोही क्लबात यायचा. त्याच्या डाव्या हातात उलथनं दिलं, हा विमानाचा दांडा. उजव्या हाताशी टेबलाला पुरणयंत्र आवळून बसवलं, ही चाकांची मूठ. पुरणयंत्रात माझं पुरण होतं, कारण दुसऱ्या दिवशी पोळ्या करायच्या होत्या आणि सतीशचं म्हणणं, रिकामं फिरवलं तर जोर किती लागतो ते कळणार नाही.

मकरंद फिरवायला लागला. सतीश मागून सूचना देत होता, नाक वर जातंय, उलथनं पुढे कर, डावा पंख खाली गेला, शत्रू मागून येतोय. मकरंदची बायको शत्रू झाली आणि तिने त्याच्या डोक्यावर चकली ठेवली. उलथनं डाव्या हातात डगमगत होतं, पुरण ताटाऐवजी टेबलक्लॉथवर पडत होतं, आणि मकरंदच्या कपाळावर घाम आला होता.

शेवटी त्याने दोन्ही हात सोडले. "वहिनी, मला गोळी लागली असं समजा. पण उतरू द्या."

*

नाक जाड पण आखूड असलेल्या विमानाची एक अडचण असते. ते शेपटीकडे जड होतं. मग नाकात वजन घालावं लागतं. क्लबातले लोक शिसं घालतात. विमान दोन्ही पंखांखाली बोटांवर तोलून धरायचं, शेपटी खाली गेली तर नाकात आणखी शिसं.

त्या हिवाळ्यात मी वेलदोडे लाटण्याने कुटत होते. माझा पितळी बत्ता सापडत नव्हता. खल होता, बत्ता नव्हता. मी सगळी कपाटं उपसली. मुग्धाला, आमच्या मुलीला, युट्रेख्टला फोन करून विचारलं, तू होस्टेलवर नेलास का? ती म्हणाली, आई, आमच्याकडे ब्लेंडर पण नाही.

मग एका रविवारी योसने विमान बोटांवर तोललं. ते अगदी सपाट राहिलं. त्याने नाकात डोकावून पाहिलं, बराच वेळ. मग मला बोलावलं आणि गंभीरपणे विचारलं, सोव्हिएत इंजिनाचा हा कुठला भाग?

मी म्हटलं, "वेलदोड्याचा."

सतीश तोवर कॉफी आणायला गेला होता. बराच वेळ आला नाही.

*

क्लबातली एक रीत सांगायला हवी. ज्याचं विमान पडेल त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांना व्लाय आणायचा. व्लाय म्हणजे इकडचा फळांचा चपटा केक. तो उभ्याने खायचा. आणि पडलेल्या विमानाबद्दल ज्याचं पडलं त्याने पहिला शब्द काढेपर्यंत कोणी बोलायचं नाही. एकदा योस व्लाय संपत येईपर्यंत बोलला नव्हता. लोक हवेबद्दल बोलत राहिले, आणि हवेत तर त्या दिवशी बोलण्यासारखं काहीच नव्हतं.

त्याचं झालं होतं असं. एकाच रिमोटमध्ये तुमच्या सगळ्या विमानांची सेटिंग्ज साठवलेली असतात. उडवण्याआधी त्या यादीतून योग्य विमान निवडायचं. योसने चाळीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन, मेन स्विच बंद केलाय ना, हे दोनदा विचारलेलं. तोच योस एका सकाळी यादीत बिनइंजिनाचं ग्लायडर ठेवून लढाऊ विमान उडवायला गेला. विमानाला डावीकडे सांगितलं की ते उजवीकडे जायचं. त्याने आणखी जोरात डावीकडे सांगितलं.

व्लायच्या शेवटच्या तुकड्याला त्याने तोंड उघडलं. "ग्लायडर म्हणून पाहिलं तर," तो म्हणाला, "ते फारच छान उतरलं असतं."

*

मार्चमध्ये सतीशच्या आजाराचं निदान झालं. मक्याची कापणी व्हायच्या आत तो गेला. आय-सोळाला रंग द्यायचा तेवढा राहिला होता.

स्मशानातल्या हॉलमध्ये क्लबचे सगळे लोक त्यांची निळी जॅकेटं घालून आले होते. सगळे एका रांगेत, हात खिशात घालून उभे राहिले. विमान हवेत असताना बाकीचे असेच उभे राहतात, म्हणजे कोणाचा हात चुकून रिमोटला लागत नाही.

पुण्याहून थोरल्या भाऊजींचा फोन दर आठवड्याला यायचा. परत ये म्हणायचे. तिकडे एकटी काय करणार? मुग्धा काय, आज तिथे आहे, उद्या कुठे जाईल. इथे आपली माणसं आहेत, वरची खोली रिकामी आहे, तुला कोणी काही करू द्यायचं नाही. त्यांना माझी मनापासून काळजी होती, म्हणून मी पहिले काही महिने नुसतं हो हो करत ऐकून घेतलं.

मग एकदा त्यांनी विचारलं, "पण वृंदा, तू तिथे दिवसभर करतेस तरी काय?"

मी म्हटलं, "विमान उडवायला शिकतेय, भाऊजी."

मग त्यांनी फोन जाऊबाईंकडे दिला.

*

शिकायचं का ठरवलं, त्याचं कारण क्लबची मीटिंग. डच लोक मीटिंगशिवाय खिळाही ठोकत नाहीत. विमने प्रस्ताव मांडला की सतीशचं आय-सोळा क्लबच्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवावं, कायमचं. कॉफीच्या मशीनच्या वर, सगळ्यांना दिसेल असं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मकरंदने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, वहिनी, चालेल ना?

मी म्हटलं, चालणार नाही. ते उडण्यासाठी बनवलंय.

विमने अगदी हळुवारपणे विचारलं, कोण उडवणार?

मी म्हटलं, मी.

खोलीत सगळे कॉफी ढवळायला लागले. ज्यांनी साखर घेतली नव्हती, तेही. मग योस म्हणाला की त्याचं काही मत नाही. उडवलं तर पडेल, काचेत ठेवलं तर धूळ बसेल. विम म्हणाला, व्रिन्दा, आम्हाला फक्त ते सांभाळून ठेवायचंय. एवढंच एक उरलंय.

त्या 'उरलंय'चा मला राग आला. तिथे आले तेव्हा राग येईल असं वाटलं नव्हतं.

"तुम्हीच त्याला गाढव म्हणता ना?" मी म्हटलं. "गाढव काचेत ठेवत नाहीत."

मीटिंगच्या टिपणात हे वाक्य तसंच्या तसं नोंदवलं गेलं. डचमध्ये ते वाचायला फार अधिकृत वाटतं.

*

शिकवलं विमनेच. फोमचं एक साधं विमान, आणि दोन रिमोट एकमेकांना जोडलेले. माझ्या रिमोटवर एक बटण. मी घाबरले की बटण दाबायचं, विमान त्याच्या हातात जायचं.

विमान तुमच्यापासून लांब जात असताना सोपं असतं. ते वळून तुमच्याकडे यायला लागलं की तुमचं डावं त्याचं उजवं होतं. हे मला कळायला पूर्ण वसंत गेला. मी इतक्या वेळा व्लाय नेला की बेकरीतल्या बाईने एकदा कौतुकाने म्हटलं, तुमच्या घरी वाढदिवस फार असतात. मी म्हटलं, हो, आणि सगळे रविवारी.

मग मला कंटाळा आला आणि मी नारळाच्या वड्या नेल्या. त्यावर पुन्हा मीटिंग. नारळाची वडी व्लाय धरता येईल का? एकाचं म्हणणं, व्लायला खाली पीठ हवं. दुसऱ्याचं म्हणणं, नियमाचा हेतू पश्चात्ताप हा आहे, पीठ नव्हे. मत घेतलं गेलं. वडी मंजूर झाली, पण फक्त फोमच्या विमानासाठी.

योस माझ्याशी सहसा स्वतःहून बोलत नाही. त्या दिवशी चौथी वडी तोंडात टाकून तो जवळ आला. "पुढची कधी पाडणार?"

*

मुग्धा उन्हाळ्यात घरी आली तेव्हा आय-सोळा गॅरेजमध्ये टेबलावर होतं. वरचा हिरवा रंग मी दिला होता. ब्रशच्या रेघा दिसतात, पण रंग बरोबर आहे.

ती मराठी ऐकते आणि उत्तर इंग्लिशमध्ये देते, चिडली की डचमध्ये. त्या दिवशी तिन्ही भाषा वापरल्या. मला कोणापुढे काय सिद्ध करायचंय? पेटीत ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? तिला कधीही जाऊन बघता आलं असतं.

मग तिने पंखाच्या मुळाशी बोट ठेवलं. तिथे गोंद वाळताना अंगठा टेकलेला होता. ठसा स्पष्ट होता, रेषा मोजता येतील इतका. मी तो रंगवला नव्हता. तिला तो दिसणार नाही असं मला वाटलं होतं.

"इट विल क्रॅश, आई," ती म्हणाली. "मग बाबाचं काय राहील?"

माझ्या हातात डावा पंख होता आणि स्क्रू ड्रायव्हर होता.

"ही बाजू धर," मी म्हटलं. "एकटीने लागत नाही."

तिने धरली. स्क्रू लागेपर्यंत ती ठशाकडेच बघत होती.

*

सप्टेंबरमधला रविवार. वारा बेताचा, मका डोक्याएवढा. क्लबचे सगळे आले होते, मकरंद बायकोला घेऊन आला होता. मुग्धा गाडीत बसून राहिली. बघणार नाही म्हणाली.

आमच्या क्लबात नव्या विमानाचं पहिलं उड्डाण बनवणाऱ्याने करायचं नसतं. त्याचे हात थरथरतात, म्हणून ते दुसऱ्याने करायचं. विमने हा नियम त्या सकाळी वाचून दाखवला आणि अतिशय प्रेमाने हात पुढे केला. रिमोट दे.

मी म्हटलं, "बनवणारा सतीश. मी दुसरीच आहे."

विमने नियम पुन्हा वाचला, मनात. मग त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. ठरलं असं की मी उडवायचं, तो त्याचा रिमोट घेऊन शेजारी उभा राहील. काही झालं तर मी बटण दाबायचं.

गवतावर ते पळायला लागलं आणि लगेच डावीकडे ओढू लागलं. मी सावरलं. ते उचललं गेलं, आणि सतीशने सांगितलं होतं तसंच डुलायला लागलं, एक पंख वर, मग दुसरा, नाक वर, नाक खाली. माझं बोट बटणावर होतं. विम शेजारीच उभा होता. मी बटण दाबलं नाही.

दुसऱ्या वळणानंतर ते शांत झालं. पोटाची निळी बाजू दिसली, इंजिनाचा आवाज एकसारखा झाला. ते मक्यावरून गेलं, वळलं, आणि सरळ माझ्याकडे आलं. गाडीचं दार उघडल्याचा आवाज मी ऐकला, पण मागे बघता येत नव्हतं.

उतरताना ते फार वेगात आलं. एक उडी मारली, दुसरी मारली, आणि नाकावर उभं राहिलं. नाकावरचा फिरता पंखा तुटला, एक चाक वाकलं. बाकी सगळं जागेवर.

सगळे धावले. मुग्धा सगळ्यांत पुढे होती. तिने विमान उचललं, पंखाच्या मुळाशी पाहिलं, आणि ते माझ्याकडे न देता स्वतःच कडेवर घेऊन उभी राहिली.

मी विमकडे वळले. त्याच्या रिमोटच्या भरवशावर मला हिंमत आली होती, त्याचे आभार मानायचे होते. तो आपल्या रिमोटकडे बघत होता. त्याचा पडदा काळा होता. रिमोट चालूच केलेला नव्हता.

योसने ते पाहिलं आणि तिथेच गवतावर खाली बसला. विसरलास की मुद्दाम केलंस, हे मी विमला त्या दिवशी विचारलं आणि नंतरही विचारलं. तो म्हणतो, कॉफी थंड होतेय.

*

आय-सोळा आता महिन्यातून एकदा तरी उडतं. मुग्धा युट्रेख्टहून येते ती तारीख विचारून. माझ्यापेक्षा चांगलं उतरवते.

राहिला शेवटचा किस्सा. त्या रविवारी सगळे गेल्यावर विमने मला त्याच्या व्हॅनपाशी नेलं आणि मागचं दार उघडलं. आत काचेची पेटी होती. ओकच्या लाकडाची चौकट, कोपऱ्यांचे सांधे असे की नखही शिरणार नाही. मी मीटिंगमध्ये नाही म्हणायच्या आधीच त्याने ती करून ठेवली होती. समोर पितळी पट्टी, तिच्यावर कोरलेलं: सतीश. एवढंच. कायमची कोरून ठेवावी अशी दुसरी काही माहिती त्याला सुचली नव्हती, असं तो म्हणाला.

मी म्हटलं, काच फार छान आहे. मी घरी नेते.

तळाची फळी काढून मी पेटी मागच्या अंगणात, उन्हाच्या बाजूला मातीवर ठेवली. आत कोथिंबीर पेरली. इकडच्या थंडीत उघड्यावर ती नीट येत नाही.

एप्रिलमध्ये, शेजारी नव्यानेच राहायला आलेली आन्या कुंपणापाशी आली. तिच्या स्वतःच्या बागेत प्रत्येक रोपापुढे नावाची पाटी असते. पेटीतल्या हिरव्यागार कोवळ्या पानांकडे ती वाकून बघत राहिली, मग पट्टी वाचली.

"सतीश," ती सावकाश म्हणाली. "हा आमच्याकडे येईल का? त्याला काय लागतं?"

मी तिला सांगितलं, पाणी बेताचं, ऊन भरपूर, आणि दुपारी काच उघडून ठेवायची.

दुसऱ्या दिवशी ती बी मागायला आली.